अर्थ बघू नका, अक्का

भावाचा फोन सकाळी येतो. तो अमेरिकेत, ओहायोत असतो. त्याची रात्रीची जेवणं तेव्हा उरकलेली असतात आणि इकडं नांदेडला माझी कॉलेजला निघायची घाई असते. सकाळी फोन वाजला तर आमच्या घरात कुणी दचकत नाही. दुसऱ्या कुठल्या वेळेला वाजला तर माय हातातलं टाकून उभी राहते.

त्या दिवशी तो सकाळीच वाजला. भाऊ म्हणाला, "अक्का, नावं बघायला लाग. मुलगी आहे."

माय माझ्या मागं बसून तुरीची डाळ निवडत होती. फोन स्पीकरवर होता. तिनं ताट बाजूला सारलं, पदर कानावरून घेतला आणि मागच्या दारानं बाहेर गेली. न्हाणीच्या भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

"माय कुठं गेली?" भावानं विचारलं.

"कपडे काढायला," मी म्हणाले. दोरीवर एकही कपडा नव्हता.

मायच्या अशा उठून जाण्याला कारण होतं. तिकडं पोर पोटात असतानाच मुलगा की मुलगी ते डॉक्टर सांगून टाकतात; इकडं सांगितलं तर गुन्हा. कळलं की ते लोक लगेच नाव ठरवतात, केकवर लिहितात, मित्रांना बोलावून केक कापतात, पाळण्याच्या वर भिंतीवर लाकडी अक्षरं ठोकतात. पहिल्या वेळी भाऊ-भावजयीनं हे सगळं केलं होतं. नाव मी शोधून दिलं होतं. ॲशर. जुनं हिब्रू नाव, अर्थ सुखी, भाग्यवान. भावानं भिंतीवरच्या अक्षरांचा फोटो पाठवला तेव्हा मी तो स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवला. माय तेवढं म्हणाली, "तोंड बघितलं न्हाई अजून, अन् हाक मारून राहिले."

सातव्या महिन्यात ते पोर गेलं. पोटातली वार आधीच सुटली होती. डॉक्टरांनी कारण समजावून सांगितलं, भावानं मला सांगितलं, मी मायला सांगितलं. मायनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आपन त्याला आधीच हाक मारली. ऐकनारं काय आपलं पोरच एकटं असतंय का."

यावर मी तिच्याशी भांडले. आमच्या घरात असलं काही मानत नाहीत. आजोबांच्या काळापासून बौद्ध दीक्षा घेतलेलं घर आहे, घरात देव्हारा नाही. माय स्वतः रोज वंदना म्हणते. मी तिला म्हणाले, "वार सुटली माय, हाक मारल्यानं वार सुटत नाही." ती म्हणाली, "तू शिकलेली हायस. मी काय म्हनू."

भावजयीनं ती अक्षरं काढून टाकली. भोकं बुजवली, वरून रंग दिला. भाऊ म्हणाला, तरी सकाळी ऊन तिरपं आलं की भोकं दिसतात, आणि कोणत्या भोकांवर कोणतं अक्षर होतं तेही कळतं.

नावाचा विषय आमच्याकडं मुळातच हलका नाही. आमचं गाव देवणी तालुक्यातलं. त्या भागातल्या गाई-बैलांना देवणीचं नाव आहे, लांबून लोक विचारत येतात. आमच्या माणसांच्या नावांना मात्र कुणी विचारत नव्हतं. आजोबांच्या पिढीतल्या कितीतरी जणांच्या नावाचा अर्थ केर, धूळ, दगड. काही नावं गावानं दिलेली, काही आईबापानंच भीतीपोटी ठेवलेली. दीक्षेनंतर आजोबांनी ठरवलं, या घरात यापुढं असलं नाव नाही.

तरी मला तेच मिळालं. माझ्या आधी मायची दोन पोरं जगली नव्हती. मी झाले तेव्हा तिनं कुणाला न विचारता मला उकिरड्यावर नेऊन ठेवलं. शेजारच्या मुसलमान खालानं मला उचललं, झटकलं, आणि बदल्यात मायच्या पदरात सूपभर ज्वारी ओतली. सौदा झाला. आता मी खालाची. माय फक्त पाजणार, सांभाळणार. न्यायला जे कुणी येईल त्यानं बघावं की या घरात पोरच नाही, उकिरड्यावरून आणलेला केर आहे. नावही त्याच अर्थाचं ठेवलं. ते मी इथं लिहीत नाही. आजोबा कितीतरी दिवस मायच्या हातचं जेवले नाहीत.

खाला पुढं कुठंही भेटली की मला म्हणायची, "अम्मीला तरास देऊ नको, नाय तर परत घेऊन जाईन." आणि मायला म्हणायची, "मेरी अमानत है, संभाल के रख." सगळे हसायचे. मायही हसायची, पण माझा हात धरून ठेवायची.

शाळेत हजेरीला माझं नाव आलं की मागच्या बाकावर खसखस पिकायची. कॉलेजला गेल्यावर मी राजपत्रात देऊन ते बदललं. आमच्या घराण्यात पदवी घेणारी मी पहिली, आणि त्या पदवीवर मी निवडलेलं नाव आहे. ते प्रमाणपत्र बाहेरच्या खोलीत, आल्यागेल्याला दिसेल असं लावलंय, आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. माय घरात अजून जुन्याच नावानं हाक मारते. पाहुण्यांसमोरही. कितीदा सांगितलं. "तेच्यानंच वाचलीस," म्हणते, आणि भाकरी थापायला लागते.

तर पुन्हा नावं. मी इंग्रजी शिकवते, त्यामुळं हे काम माझ्याकडं येणार हे ठरलेलंच. भावाची अट एकच होती: पुढं शाळेत तिच्या वर्गात दुसऱ्या कुणाचं नसावं. रोज कॉलेजवरून आले की मी शोधायला बसायची. माय आधी ऐकायलाच तयार नव्हती. मग म्हणाली, "आपल्या पोरीसाठी म्हनून नगं सांगू. नुसतंच सांग."

मी नुसतंच सांगत गेले. जहाजातून समुद्र ओलांडून तिकडं वसायला गेलेल्या जुन्या धार्मिक लोकांनी पोरांना साध्या शब्दांचीच नावं ठेवली होती. थँकफुल, म्हणजे उपकार मानणारी. सायलेन्स, म्हणजे गप्प.

"पोरीचं?" मायनं विचारलं.

"पोरीचंच."

"दुसरं कुनाचं ठेवतील?"

होपस्टिल, अजून आशा धर. प्रिझर्व्ड, राखलेला. या नावावर मायचा हात डाळीत थांबला. "किती पोरं गेली असतील तेच्या आधी," ती म्हणाली. मी वाचत होते त्या पुस्तकात तसं काही लिहिलेलं नव्हतं.

गुलामांची नावं मी तिला सविस्तर सांगितली. मालक त्यांना जुन्या रोमन सरदारांची भारी भारी नावं ठेवायचे, थट्टा म्हणून. शेतात राबणाऱ्याला सम्राटाचं नाव. सुटका झाल्यावर कित्येकांनी ती नावं टाकून दिली आणि स्वतःची घेतली. "आपल्यावानीच," माय म्हणाली. हे मला आवडलं. दुसऱ्या दिवशी वर्गात मी हेच सांगितलं.

मग जसजशी खोल गेले तसतसं वेगळंच दिसायला लागलं. कॅल्विनचा अर्थ टकला. ("बारशाला टकलंच असतंय की पोर," माय म्हणाली.) क्लॉडिया, लंगडी. सेसिलिया, आंधळी. डोलोरेस, दुःखं. जाबेझ, ज्याच्या जन्माच्या वेळी आईला फार सोसावं लागलं तो. इतकी वर्षं मला वाटायचं, असली नावं फक्त आपल्याच वस्तीत. त्या मोठ्या देशातली माणसं ती नावं कोटाला लावून, पाटीवर रंगवून फिरतात, आणि अर्थ कुणाला ठाऊक नसतो. मला त्यात गंमत वाटायला हवी होती. पण भावजयीला सातवा लागत आला होता, आणि मला रोज संध्याकाळी चांगल्या अर्थाच्या नावांपेक्षा हीच जास्त सापडत होती.

एका सकाळी भावजयीनंच फोन केला. ती लातूरची. तिथल्या क्लासमध्ये रात्रंदिवस घासून इंजिनिअर झालेली, बोलायला सरळ.

"अक्का, नाव ठरलं. मॅलरी."

"हे मी दिलेलं नाही."

"नाही. सोनोग्राफीच्या खोलीत मशीन फिरवणारी एक बाई आहे, तिचं. मागच्या वेळी बाळाचा ठोका लागेना, तेव्हा डॉक्टर येईपर्यंत तिनंच माझा हात धरला होता. या वेळीही तीच आहे. आणि एक सांगू का? अर्थ बघू नका, अक्का. मागच्या वेळी अर्थ बघूनच ठेवलं होतं."

मी बरं म्हणाले, फोन ठेवला आणि बघितला.

मॅलरी हे मुळात नाव नव्हतंच. जुन्या फ्रेंचमधला शब्द, ज्याच्या मागं सतत वाईट लागलेलं असतं अशा माणसाला लोकांनी ठेवलेलं टोपणनाव. मग ते आडनाव झालं, इंग्लंडला गेलं, तिथून अमेरिकेत, आणि तिथं अलीकडं मुलींना ठेवायला लागले. अर्थ, अभागी. अपशकुनी. मी दुसरीकडं बघितलं, तिसरीकडं बघितलं. सगळीकडं तोच.

असलं काही न मानणाऱ्या बाईला एवढ्याशा गोष्टीनं काही व्हायचं कारण नव्हतं. मी स्वतःला तसं बजावलं आणि कॉलेजला गेले. पण ऑटोत बसल्यावर तोच शब्द, शिकवताना फळ्याकडं पाठ करून उभी राहिले की तोच शब्द. भावजयीला सांगावं तर तिनं स्पष्ट नको म्हटलेलं. न सांगावं तर उद्या काही झालं की वाटणार, अर्थ मला आधीच ठाऊक होता. मायला तर सांगायचा प्रश्नच नव्हता. जी बाई सुखी अर्थाच्या नावानं घाबरली, ती हे ऐकून काय करील.

भावाचा फोन त्या आठवड्यात वेळेवर येत राहिला. मग एका दुपारी, माझा तास नसल्यानं मी घरी होते, तेव्हा वाजला. त्यांच्याकडं मध्यरात्र उलटून गेलेली. मायनं परात खाली ठेवली आणि उभी राहिली. हाताला पीठ तसंच.

भाऊ हळू आवाजात बोलत होता. रक्त जायला लागलंय. दवाखान्यात आणलंय. झोपवून ठेवलंय, उठायचं नाही म्हणतात. जितके दिवस पोटात राहील तितके चांगले.

"मागच्यावानीच?" मायनं विचारलं.

"मागच्यासारखंच दिसतंय, माय."

फोन बंद झाल्यावर माय बसली नाही. पीठ हातावर वाळायला लागलं होतं. ती म्हणाली, "नाव काढलं का त्यांनी?"

मी फोन चार्जरला लावायला वळले.

"तुझ्या तोंडावर दिसून राहिलंय. काढलं ना?"

"हाव."

"अर्थ काय?"

खोटं बोलायची मला सवय नाही. शिकवण्याच्या धंद्यात ती लागत नाही, आणि मायसमोर ते टिकतही नाही. "अभागी," मी म्हणाले. "जिच्या मागं वाईट लागलंय अशी. तिला माहीत नाही. तिनं एका भल्या बाईवरून ठेवलंय."

मला वाटलं ती रडेल, नाहीतर मला बोलेल. ती सावकाश खाली बसली, परात पुढं ओढली आणि वाळलेलं पीठ हातावरून चोळून काढायला लागली.

"खरंच असा अर्थ हाय?"

"खरंच आहे."

"अन् तिनं न विचारता ठेवलं. सोतानं."

"हाव."

"मग ठेवू दे," माय म्हणाली. "कुनी बदलू नगा."

तिच्या आवाजात मला बरं वाटावं असं काही नव्हतं. आता काम सुरू झालंय आणि ते पुरं केलं पाहिजे, असा तो आवाज होता.

पोरगी फार लवकर झाली. तळहातावर मावेल एवढी, भाऊ म्हणाला. तिला काचेच्या पेटीत ठेवली होती, नाकात नळी. त्यानं फोनवर दाखवली तेव्हा आधी मला नुसत्या नळ्याच दिसल्या. पोर नंतर दिसलं. पेटीला एक कार्ड लावलेलं होतं.

"तेच्यावर काय लिहिलंय?" माय म्हणाली.

"बेबी गर्ल, आणि आपलं आडनाव. इथं नाव कागदावर चढेपर्यंत असंच लिहितात."

"म्हंजे नुसतं पोरगी."

"हाव, माय."

"ऱ्हाऊ दे तसंच. घाई करू नगा."

पण दवाखान्याला घाई होती. घरी सोडण्याआधी जन्माच्या कागदावर नाव लिहून द्यायचं असतं म्हणे. तिथली एक बाई दोनदा विचारून गेली होती. भावजय खुर्चीवर बसली होती, दवाखान्याच्या निळ्या गाऊनमध्ये, केस सुटलेले. तिनं फोन भावाच्या हातातून घेतला आणि तोंडासमोर धरला.

"अक्का, खरं सांगा. तुम्ही अर्थ बघितला ना?"

माय माझ्या शेजारी होती. तिनं माझा दंड धरला.

"बघितला," मी म्हणाले.

"वाईट आहे?"

"हाव."

"किती वाईट?"

"मायला आवडला, इतका."

लातूर काय देवणी काय, आमच्याकडच्या बाईला याच्यापुढं समजावून सांगावं लागत नाही. तिचा चेहरा थोडा सैल झाला, मग पुन्हा आवळला. मागं काहीतरी बारीक, एकसारखं टिकटिकत होतं.

"आत्या," ती सासूला म्हणजे मायला म्हणाली, "मग बाकीचंही करायचं असेल ना?"

"माय, नको," भाऊ मागून म्हणाला. "इथं दवाखाना आहे. आणि आपण हे मानत नाही. तू रोज बावीस प्रतिज्ञा म्हणतेस."

"मी तुला विचारलं का?" माय म्हणाली. "तुझ्या अक्कालाबी उकिरड्यावर ठिवताना मी कुनाला विचारलं न्हवतं." आणि सुनेला म्हणाली, "तिथं उकिरडा कुठून आनायचा. त्या पेटीतच ऱ्हाऊ दे. तू नुसतं म्हन, ही माझी न्हाई."

"आणि घेणार कोण?"

मायनं माझ्याकडं बघितलं.

मी त्या क्षणी काय विचार केला ते लिहिते, कारण ते लपवण्यासारखं नाही. मला आधी राग आला. मी आयुष्यभर ज्या नावातून बाहेर पडायला धडपडले, त्याच्याकडंच मला परत बोलावलं जात होतं, आणि तेही समोर भिंतीवर माझी पदवी लटकत असताना.

"तूच घे," माय म्हणाली. "तू सोता सौद्यातली हायस. तुला कुनी बघत न्हाई. जे आपल्याला बघायला आलं ते एकदा तुझ्यावरून फसून गेलंय."

मी उठले. डब्यातून सुपात ज्वारी घेतली, भरून. मायनं पदर पसरला नाही. "मला न्हाई," ती म्हणाली, "तिला द्यायची." मग मी फोनसमोर नुसतं सूप धरलं. भावजयीनं ते बघितलं. तिनं मान वळवली, पेटीकडं न बघता, भिंतीकडं बघत म्हणाली, "ही माझी नाही." आवाज मधेच गेला. तिनं पुन्हा नीट म्हटलं, "ही माझी नाही. तुमची आहे, अक्का. मी फक्त सांभाळते."

तिथली एक नर्स मागून गेली, हसून काहीतरी बोलली. तिला वाटलं असेल, पोरीचं कौतुक चाललंय.

त्या संध्याकाळी कागदावर नाव चढलं. मॅलरी.

पोरगी जगली. पेटीतून बाहेर आली, नळी निघाली, घरी गेली, आणि आता रांगते. डॉक्टरांनी चांगलं केलं. तिथली मशीन, तिथली माणसं, सगळ्यांचं हे यश आहे आणि मी ते वर्गात असंच सांगेन. मला कुणी विचारलं तर मी ज्वारीचं नाव घेणार नाही.

पण ज्वारी अजून आमच्याकडंच आहे. पोस्टानं धान्य तिकडं पाठवता येत नाही, मी चौकशी केली. सुपातली ती ज्वारी मायनं वेगळ्या डब्यात भरली, वर कडुनिंबाची पानं टाकली. अधूनमधून ती ज्वारी उन्हात पसरते, सोंडे लागलेत का बघते, आणि मोजल्यासारखी पुन्हा सगळी आत भरते. एक दाणा खाली पडला तर शोधून उचलते. भावजय इकडं येईल, तिच्या पदरात ती पडेल, तेव्हा सौदा पुरा. तोवर अर्धाच.

"अर्धा म्हणजे काय, माय?" मी एकदा विचारलं.

"म्हंजे पोरगी तुझी झाली न्हाई अजून. अन् तिनं तर आपली न्हाई म्हनलंय."

"मग आत्ता ती कुणाची?"

माय डब्याचं झाकण घट्ट लावत होती.

भाऊ विचारतो, भिंतीवर अक्षरं लावू का? लाकडाची आणून ठेवलीत. भावजय म्हणते, अक्का सांगतील तेव्हा. मी सांगितलेलं नाही. फोनवर ती पोरगी समोर आणतात, हात हलवते, दोन दात दाखवते. माय तिला नुसतं 'ए पोरी' म्हणते. मी शिकलेली बाई, मी नावानं हाक मारावी अशी भावाची अपेक्षा असते, हे मला दिसतं. तोंड उघडते आणि मीही म्हणते, "ए पोरी."

त्यांचं यायचं उन्हाळ्यात ठरतंय. काल दुपारी फोन वाजला. माय उभी राहिली, मीही राहिले. चुकून लागलेला फोन होता, कुणी दुसऱ्याच माणसाला विचारत होतं. माय बसली नाही. आत गेली आणि डबा जागेवर आहे का ते बघून आली.